गेल्या पाच-सात वर्षांतली मराठी पुस्तकं: तुम्हाला कळतात तरी कुठून?

निंबोणी
मंडळी, 'मराठीत काय वाचू?' असं कुठेही विचारा, पहिल्या पाच मिनिटांत जी नावं येतात ती आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत. पुस्तकं उत्तमच आहेत, वाद नाही. पण मी ती कॉलेजात वाचली आणि माझ्या आईने तिच्या कॉलेजात तीच वाचली होती. आता माझ्या भाचीलाही तीच सांगायची का?

म्हणून हा धागा. नियम दोनच. पुस्तक 2018 किंवा त्यानंतर पहिल्यांदा छापलेलं हवं. आणि नुसतं नाव टाकून पळायचं नाही, ते तुमच्यापर्यंत पोचलं कसं हेही सांगायचं. कथा, कविता, आत्मकथन, भुताखेताचं, लहान मुलांचं, काहीही चालेल. 'श्रीमंत कसं व्हावं' छापाचे अनुवाद तेवढे नकोत, ते फुटपाथवर आपोआप दिसतात.

सुरुवात मी करते. 'नदिष्ट', मनोज बोरगावकर, ग्रंथाली, 2019. नांदेडजवळची गोदावरी, तिच्यात रोज पोहायला जाणारा निवेदक आणि नदीकाठची, गावाने कडेला टाकलेली माणसं. कळलं कसं? ऑफिसातली नांदेडची मैत्रीण डबा खाताना म्हणाली, "आमच्या नदीवर कादंबरी आलीय, माहितीय का?" मला माहीत नव्हती. पेपर रोज वाचते, पुस्तकांच्या दुकानातही जाते, तरी नव्हती. त्याचंच आश्चर्य वाटलं.

वाचनखुळा
'भुरा', शरद बाविस्कर, लोकवाङ्मय गृह, 2021. धुळ्याजवळच्या खेड्यातला मुलगा, दहावीला इंग्रजीत नापास झालेला, पुढे जेएनयूत फ्रेंच शिकवतो. असं सांगितलं की प्रेरणादायी वगैरे वाटतं आणि माझ्यासारखा माणूस पळून जातो. पण पुस्तक तसं नाही. लेखक स्वतःलाही सोडत नाही आणि मधेच तत्त्वज्ञानात शिरतो.
कुठून कळलं: चार वेगवेगळ्या व्हॉट्सॅप गटांवर एकाच आठवड्यात आलं. तेव्हा वैतागून घेतलं.

ढापण्या
अप्रिय मत मांडतो. मराठीत नवं काही लिहिलंच जात नाहीये. जे येतं त्यातले निम्मे कवितासंग्रह, तेही पदरमोड करून छापलेले. प्रकाशनाला पाहुणे, शाल, श्रीफळ, वडा-चहा, आणि उरलेल्या प्रती कॉटखाली. उरलेलं निम्मं म्हणजे दुष्काळ, धरण, विस्थापन. संध्याकाळी दमून आल्यावर हे कोण वाचणार?

खवचट_आत्या
ढापण्या, शेवटचं नवं पुस्तक स्वतःच्या पैशाने कधी घेतलंस रे बाळा?

ढापण्या
आत्या, दिवाळी अंक घेतो की दरवर्षी.

कोपऱ्यातला_टेबलफॅन
मग तू नवंच वाचतोयस, तुला पत्ता नाही. मराठीत कितीतरी दीर्घकथा आधी दिवाळी अंकात येतात आणि मग वर्षा-दोन वर्षांनी त्यांचं पुस्तक होतं. 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सोय आहे. माझी पद्धत सांगतो. अंकात एखादी कथा आवडली की लेखकाचं नाव मोबाइलच्या टिपणवहीत टाकतो. पुढे त्या नावाचं पुस्तक दिसलं की डोळे मिटून घेतो. किरण गुरव हे नाव माझ्याकडे असंच आलं होतं, 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला 2021चा साहित्य अकादमी मिळायच्या आधी. (कॉलर ताठ.)

आणि 'धरण, विस्थापन' म्हणून हेटाळणी करण्याआधी कृष्णात खोतांचं 'रिंगाण' वाच. धरणाने उठवलेलं गाव आहे, बरोबर. पण मागे सुटलेल्या म्हशी जंगलात राहून रानटी झाल्यात आणि एक माणूस आपली म्हैस आणायला परत जातो. माणूस आणि जनावर समोरासमोर येतात ती पानं वाचताना चहा गार झाला माझा. त्याला 2023चा अकादमी आहे, पण ते सोड. थरारक म्हणूनच वाच.

ढापण्या
म्हशीचा थरार? बरं. नाव लिहून घेतलं.

सांडगी_मिरची
मला धरणही नको आणि म्हैसही नको, घाबरायला आवडतं. हृषीकेश गुप्ते यांचं कुणीच नाव घेतलं नाही म्हणून आले. 'दंशकाल' धाग्याच्या नियमाच्या किंचित मागे जातं, पण 'गोठण्यातल्या गोष्टी' नियमात बसतं. रोहन प्रकाशन. ते भयाचं नाही, एका गावाची इरसाल माणसं आहेत, तरी मागे कुठेतरी काहीतरी हलतंय असं वाटत राहतं. रात्री वाचून झाल्यावर बाथरूमला जाताना दिवा लावला मी. वय विचारू नका.

रहस्यकथा, विज्ञानकथा, थरार या प्रकारांत नवं शोधणं जास्त अवघड आहे असा माझा अनुभव. परीक्षणं लिहिणारे तिकडे फिरकत नाहीत आणि पुरस्कारवाले तर नाहीच नाही. वाचनालयात मात्र हीच पुस्तकं कधी जागेवर नसतात.

वाचनखुळा
मुरलीधर खैरनारांचं 'शोध'! सुरतेच्या लुटीतल्या खजिन्याचा माग. एका बैठकीत संपवलं होतं.

निंबोणी
2015. नियमाबाहेर. 😀

वाचनखुळा
दहा वर्षांत दुसरं तसं आलं नाही त्याला मी काय करू ताई.

पोथीवाला_काका
सांडगीताईंच्या शेवटच्या वाक्यावरून लिहायचा मोह झाला. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात नोकरी करून निवृत्त झालो. नवं पुस्तक वाचकाला कसं कळतं यापेक्षा ते वाचनालयाला कसं कळतं, हे सांगतो.

आपल्याकडे 1967च्या कायद्याखाली शासनमान्य वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांची. त्यातल्या सगळ्यात खालच्या ड वर्गाला अगदी 2022पर्यंत वर्षाला 30,000 रुपये अनुदान होतं. त्या वर्षी 60 टक्के वाढ झाली. त्यात कर्मचाऱ्याचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं, भाडं, आणि उरलं तर पुस्तकं. मग पुस्तकं कशी घेतात? विक्रेता यादी घेऊन येतो, जास्तीत जास्त सूट कुठल्या गठ्ठ्यावर आहे ते दाखवतो आणि तो गठ्ठा येतो. गठ्ठ्यात काय आहे हे पुष्कळदा फोडल्यावरच कळतं. एकाच चरित्राच्या, वेगवेगळ्या कव्हरांच्या, मजकूर जवळपास तोच असलेल्या प्रती मी स्वतः दाखल-नोंदवहीत चढवल्या आहेत.

तरीही सांगतो, नवं पुस्तक शोधायचं असेल तर वाचनालयासारखी जागा नाही. कपाटाकडे जाऊ नका. परत आलेली पुस्तकं देवघेवीच्या टेबलाच्या उजव्या-डाव्या बाजूला ढिगात पडलेली असतात, कपाटात जायची वाट बघत. तो ढीग चाळा. गावात या आठवड्यात कोण काय वाचतंय ते तिथे दिसतं. मग पुस्तकाचं शेवटचं पान उघडा. तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक नवं आणि चिठ्ठी दोन महिन्यांत भरलेली असेल तर डोळे झाकून न्या. आमच्याकडे 'सत्तेच्या पडछायेत' हे राम खांडेकरांचं पुस्तक असं फिरलं. यशवंतराव चव्हाण आणि पुढे नरसिंह राव यांच्याकडे काम केलेल्या स्वीय सचिवाच्या आठवणी. राजहंसचं, 2019. कुणी जाहिरात केली नाही. एका निवृत्त तलाठ्याने नेलं, मग त्यांच्या कट्ट्यावरचे सगळे रांगेत.

खवचट_आत्या
काका, या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणेत टाकला.

मिठाई_नको_फरसाण
काकांना +१. आमच्या वाचनालयात मात्र बाई ढिगाला हात लावू देत नाहीत. "कार्डावर नंबर लिहून द्या, आणून देते." नंबर कुठून आणू, पुस्तकच माहीत नाही तर?

अप्पा बळवंत चौकातही थोडं तेच होतं. काउंटरपलीकडे पुस्तकं, अलीकडे आपण. नाव सांगितलं की माळ्यावरून धपकन पुस्तक खाली येतं, दोन मिनिटांत, वर घसघशीत सूटही. पण नाव सांगावं लागतं! माहीत असलेलं पुस्तक आणायला त्याच्यासारखी जागा नाही आणि माहीत नसलेलं सापडायला त्याच्याइतकी निरुपयोगी नाही. चाळायला मिळतं ते प्रदर्शनात. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर 2023पासून पुस्तक महोत्सव भरतो, तिथे मी छोट्या प्रकाशकांच्या गाळ्यांवरच वेळ काढते. मोठ्या गाळ्यांवर सेल्फी काढणाऱ्यांमुळे पुस्तकापर्यंत हात पोचत नाही. तिथेच हिनाकौसर खान यांचं 'धर्मरेषा ओलांडताना' मिळालं, साधना प्रकाशन. आंतरधर्मीय लग्नं केलेल्या जोडप्यांच्या मुलाखती. विषयावरून वाटतं तसं भाषणबाज अजिबात नाही. सासूने स्वयंपाकघरात कसं घेतलं, मुलांची नावं काय ठेवली, असल्या गोष्टींत सगळं येतं.

ढापण्या
पुरस्कारांबद्दल कुणी बोलत नाहीये. तिथेही तीच ती नावं फिरतात. परीक्षक याचा मित्र, तो त्याचा शिष्य.

कोपऱ्यातला_टेबलफॅन
मोठ्या पुरस्कारांबद्दल तुझ्याशी भांडणार नाही, ते तसेही उशिराच पोचतात. पण अकादमीच्या युवा पुरस्काराची यादी बघ. 2021ला प्रणव सखदेव, 'काळेकरडे स्ट्रोक्स'. 2024ला देविदास सौदागर, 'उसवण'. 2025ला प्रदीप कोकरे, 'खोल खोल दुष्काळ डोळे'. यातलं किती जणांचं नाव तुला आधी माहीत होतं? 'उसवण' लिहिणारा तुळजापूरचा, स्वतः शिलाईकाम केलेला. रेडीमेड कपडे आल्यावर शिंप्याच्या घरात काय होतं ते आत बसलेल्या माणसाने लिहिलंय.

दुसरी यादी राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांची. ती लोक बघतच नाहीत. त्यात 'प्रथम प्रकाशन' असा वेगळा विभाग असतो, म्हणजे लेखकाचं पहिलंच पुस्तक. कवितेसाठी बहिणाबाईंच्या नावाचा, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडशांच्या नावाचा. शिवाय ललित गद्य, बालवाङ्मय, शेतीविषयक, विज्ञान, अनुवाद असे विभाग. एक यादी उतरवून घेतली की वर्षभराची सोय.

खवचट_आत्या
आणि यादीतून एखादं नाव काढलं तर आणखी चांगली सोय. 2022च्या डिसेंबरात 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार शासनाने रद्द केला, तेव्हाच मला त्या पुस्तकाचं नाव कळलं. लगेच मागवलं. प्रकाशकाने अशी जाहिरात करायची म्हटली तर परवडली नसती.

शाईचे_डाग
गेली बरीच वर्षं छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून मधे तोंड घालतो. 'पाचवी आवृत्ती' असं कव्हरवर ठळक दिसलं की लोक भुलतात, तेव्हा हे माहीत असू द्या.

ऑफसेटवर प्लेटा काढायचा खर्च ठरलेला. पाचशे काढा नाहीतर दोन हजार, प्लेटा त्याच. त्यामुळे पूर्वी हजार प्रतींखाली कुणी जात नसे. आता डिजिटलवर शंभर-दोनशे प्रतीही निघतात, प्रत महाग पडते पण गोदाम अडकत नाही. म्हणजे दोनशे-दोनशेच्या पाच 'आवृत्त्या' झाल्या तरी एकूण हजारच. उलट एखाद्या जुन्या प्रकाशकाची तीन हजारांची पहिली आवृत्ती पाच वर्षं संपत नाही, तरी वाचक तिकडे जास्त. तेव्हा आकड्याकडे बघू नका. कव्हरच्या आत, हक्कांच्या पानावर 'पुनर्मुद्रण' लिहिलंय की 'आवृत्ती', आणि दोन तारखांत अंतर किती, ते बघा.

आणि शेवटी कोरी पानं दिसली तर प्रकाशकाला शिव्या देऊ नका. सोळा पानांचा एक फॉर्मा, आणि पुस्तक पूर्ण फॉर्म्यांतच छापतात. मजकूर 170 पानांवर संपला तरी पुस्तक 176चं करावं लागतं. हुशार प्रकाशक तिथे आपल्या नव्या पुस्तकांची यादी टाकतो. निंबोणीताईंच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथेच आहे: आवडलेल्या पुस्तकाची शेवटची पानं वाचा.

वाचनखुळा
डागभाऊ, मला वाटायचं ती पानं टिपणं काढायला ठेवतात. मी तिथे वाण्याचा हिशेब लिहिलाय.

ढापण्या
😂😂

हडसनकाठचा_कोकण्या
न्यू जर्सीहून. आमची व्यथा वेगळी. नाव कळतं, पुस्तक मिळत नाही. भारतातून एक पुस्तक मागवावं तर टपालखर्च किमतीच्या कितीतरी पट. ई-पुस्तक शोधावं तर जुन्याची मिळतात, नव्या छोट्या प्रकाशकांची बहुतेक नाहीत. विचारलं तर म्हणतात पीडीएफ फुटते. बरोबर आहे त्यांचं, पण मग आम्ही काय करायचं? शेवटी उन्हाळ्यात येणाऱ्या सासूबाईंच्या बॅगेत लोणच्याशी स्पर्धा. यंदा प्रवीण बांदेकरांचं 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' आलं, आंब्याच्या लोणच्याची एक बरणी मागे राहिली. घरात त्यावरून दोन दिवस शांतता होती.

सांडगी_मिरची
देशातही टपालाचं सोपं नाही हो. डिसेंबर 2024मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड बुकपोस्ट, म्हणजे पुस्तकांसाठीचं स्वस्त टपाल, बंद केलं तेव्हा छोटे प्रकाशक हवालदिल झाले होते. दोनशेचं पुस्तक आणि कुरियरला ऐंशी.

शाईचे_डाग
मग मे 2025पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोला 100, कर वेगळे. पण जाहिराती असलेली नियतकालिकं चालत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंकवाल्यांना उपयोग नाही. खिडकीवरच्या माणसाला योजना माहीत असेल तर काम होतं.

मांडवीचो_भाट
गोव्याहून बोलतो. आमच्याकडे मराठी पुस्तकांची दुकानं बोटांवर मोजण्याइतकी, पण पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. 1832 सालची संस्था, इमारत नवी, कपाटं उघडी. हात घालून चाळता येतं, कुणी रागवत नाही. फरसाणताई, तुम्ही इकडे बदली मागून घ्या.

कोकण्याने बांदेकरांचं नाव काढलं म्हणून सांगतो. सावंतवाडी आमच्या शेजारची, त्यामुळे त्या कादंबरीतली भाषा आम्हाला घरची वाटते. पुण्याच्या मित्राला दिली तर म्हणाला अवघड जाते. म्हटलं, आम्ही इतकी वर्षं सदाशिव पेठ वाचली, तुम्ही एकदा बाहुल्यांचा खेळ बघा.

मिठाई_नको_फरसाण
सदाशिव पेठेला मधे आणू नका, धागा शंभरी गाठेल. 🍿

व्यवस्थापन
शुद्धलेखन, पेठा आणि सासूबाईंचं लोणचं यासाठी वेगळे धागे आहेत. कृपया नव्या पुस्तकांवर या.

दोन_पिल्लांची_आई
मुलांसाठी कुणीच सांगितलं नाही अजून. माझी नऊ वर्षांची मुलगी मराठी वाचायला कंटाळते, कारण घरात जी होती ती सगळी 'एक आटपाट नगर होतं' किंवा संस्कारकथा. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' दिली. एका मुलीची वही, तिच्याच वयाची. ती वाचून स्वतःची वही केली आणि त्यात माझ्याविषयी जे काही लिहिलंय ते इथे देत नाही. त्यानंतर भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. भूत म्हटल्यावर कुणाला सांगावं लागत नाही. दोन्हींना अकादमीचा बाल पुरस्कार आहे, 2022 आणि 2024चा, मला कळलं ते शाळेतल्या मराठीच्या बाईंकडून.
मोठ्यांची परीक्षणं तरी येतात. मुलांच्या पुस्तकांची ओळख एखाद्या पेपरात दिसली तर सांगा.

पोथीवाला_काका
बालभारतीचं 'किशोर' मासिक घ्या, 1971पासून चालू आहे. जुने अंकही संगणकावर फुकट वाचता येतात. आज मुलांसाठी लिहिणारे पुष्कळ जण त्यात भेटतात, मग त्यांची पुस्तकं शोधायची. टेबलफॅन यांची दिवाळी अंकाची युक्तीच आहे ही.

ढापण्या
अपडेट. 'रिंगाण' आणलं. अर्धं झालं. म्हैस दिसलेली आहे. रात्री दीड वाजता बायकोने दिवा बंद केला. मत बदललेलं नाही, एका पुस्तकाने काय होतं. पण टेबलफॅन, दुसरं नाव दे.

कोपऱ्यातला_टेबलफॅन
आसाराम लोमटे, 'तसनस'. शेतकरी चळवळ आणि तिच्यातली माणसं. पुन्हा खेडंच आहे, आधीच सांगतो.

ढापण्या
चालेल. शहरातलं कुणी चांगलं लिहीत नाही का पण?

वाचनखुळा
वर सांगितलेलं 'काळेकरडे स्ट्रोक्स' शहरातलंच आहे की. कॉलेजची पोरं, मुंबई, लोकल. धागा वाचत जा रे.

निंबोणी
बापरे, दोन दिवस नव्हते तर एवढं झालं. मी आज दुपारी काकांचा उपाय करून बघितला. वाचनालयात टेबलाजवळचा ढीग चाळू का विचारलं. बाईंनी आधी संशयाने पाहिलं, मग म्हणाल्या, "चाळा, पण क्रम बिघडवू नका." ढिगाला कसला क्रम! त्यात नितीन रिंढे यांचं 'लीळा पुस्तकांच्या' सापडलं, पुस्तकांवर आणि पुस्तकवेड्यांवरचं. नियमाच्या जरासं आधीचं असेल, धागाकर्तीला सवलत. चिठ्ठीवर शिक्के फार नव्हते. पण मागच्या एका वाचकाने शिसपेन्सिलीने समासात दुसऱ्या पुस्तकांची नावं लिहून ठेवलीत, ती उतरवून घेतली.

एक गोष्ट लक्षात आली का, वर इतक्या जणांनी पुस्तकं सांगितली, पण वर्तमानपत्रातलं परीक्षण वाचून पुस्तक घेतलं असं एकानेही लिहिलेलं नाही. परीक्षण लिहिणारं कुणी इथे असेल तर त्यांनी याच्यावर बोलावं.

शिळोप्याचा_वाचक
मी लिहितो अधूनमधून. खरं सांगू? पूर्वी पानभर जागा मिळायची, आता तीनशे शब्द. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत गेली की उरतात दोनशे. दोनशे शब्दांत 'वाचनीय झाले आहे' एवढंच लिहून होतं. शिवाय लेखक ओळखीचा निघतो, मग वाईट लिहायची पंचाईत. मी स्वतः नवी पुस्तकं शोधायला अजून 'ललित' चाळतो, 1964पासूनचं मासिक आहे, आणि त्यातल्याही लेखांपेक्षा प्रकाशकांच्या जाहिराती आधी बघतो.

खवचट_आत्या
शिळोपे, आता परीक्षकाचा मुखवटा काढा आणि इथे शब्दमर्यादा नाही असं समजून सांगा: गेल्या वर्षभरात वाचलेलं, तुम्हाला अजिबात न आवडलेलं नवं पुस्तक कोणतं?

शिळोप्याचा_वाचक
आत्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

ढापण्या
मलाही व्यनि.

मांडवीचो_भाट
माकाय.